चौथा प्रोग्राम

"काकू, घरच्या कॉम्प्युटरवर हेरगिरी पकडणारे तीन-तीन प्रोग्राम?" दुरुस्तीवाला वैतागला. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तुम्ही तर तीन कोंबल्यात! एकमेकांनाच चोर समजून भांडत बसलेत ते. मग मशीन गोगलगाईसारखं नाही चालणार तर काय!"

"आधी एकच होता रे. त्याच्या सांगण्यावर भरवसा बसेना, म्हणून दुसरा टाकून घेतला. मग तिसरा."

"एवढं चोरण्यासारखं आहे तरी काय तुमच्याकडे?"

केस नीट विंचरून काकू पडद्यासमोरच्या खुर्चीत बसून होत्या. कीबोर्डवर धूळ साचली होती, पण वरची कॅमेऱ्याची इवलीशी काच लख्ख पुसलेली होती. त्याने एकेक करून तिन्ही प्रोग्राम चालवून पाहिले.

"घ्या, तिघांचं एकमत आहे. तुमच्यावर कोणीही नजर ठेवून नाही. एक राहू देतो, बाकीचे काढून टाकतो. आता निर्धास्त झोपा."

काकूंचा चेहरा पडला.

"चौथा एखादा मिळेल का रे? जरा बरा असलेला?"

"अहो, पण कशाला?"

"लेक परदेशी जाताना यात काहीतरी बसवून गेली होती. म्हणाली होती, आई, तू रोज दिसत राहशील मला तिथून." त्यांनी पदराने कॅमेऱ्याची काच पुन्हा एकदा पुसली. "टाकून तर बघ. त्याला तरी सापडेल ती."