गाडी जागेवरून हलवू नये

स्टेनोबाईंचं चौदावं पत्र मिस्त्रीने उभ्या उभ्याच वाचलं आणि ग्रीसचे ठसे उमटवून परत केलं. त्याचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. कॅम्पर व्हॅनमधला बिघाड मूळचा होता, त्याच्या हातून काही चुकलं नव्हतं, आणि गाडी सुरू होत नाही याला तो काही करू शकत नव्हता.

बाईंनी ते लेखी मागितलं. त्याने एका जुन्या बिलाच्या पाठीवर चार ओळी खरडून दिल्या. बाईंनी तिथल्या तिथे लाल पेनने दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, कागदाला भोकं पाडली आणि फाइलमध्ये लावला.

चौतीस वर्षं त्यांनी न्यायालयात दुसऱ्यांची भांडणं शब्द न गाळता उतरवून घेतली होती. आता पहिल्यांदा स्वतःचं भांडण हाती आलं होतं आणि त्या ते मन लावून करत होत्या.

लग्न केलं नव्हतं. भावाकडेच राहायच्या. भाऊ गेला, पुतण्याने घर विकलं, आत्याचा वाटा सरळपणे तिच्या हातात ठेवला आणि नोकरीच्या गावी निघून गेला. बाईंनी त्यातून ही गाडी घेतली. आत पलंग, हातभर ओटा, बेसिन. सगळं आयुष्य एका खुर्चीत गेलं, आता जरा फिरेन, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्याच महिन्यात गाडी या गॅरेजसमोर बंद पडली. मिस्त्रीने ती ढकलत मागच्या आवारात नेली. त्याने हात लावल्यावर बिघाड वाढला, असा बाईंचा आरोप होता. त्याला आता चार महिने होत आले होते.

रोज सकाळी नऊला बाई पुढच्या दारातून येत. ओले केस चापूनचोपून बसवलेले, खांद्याला पिशवी. आधी गाडीभोवती एक फेरी, मग ऑफिसातल्या लोखंडी खुर्चीत. मिस्त्रीचा भागीदार केव्हाच वेगळा झाला होता. गॅरेजात तो एकटाच असे. अकराच्या सुमाराला वाद रंगे, मग तो कामाला लागे आणि बाई फाइल उघडत. संध्याकाळी तो शटर ओढायच्या पाच मिनिटं आधी बाई उठत.

पहिल्याच पत्रात त्यांनी लिहिलं होतं की निकाल लागेपर्यंत गाडी जागेवरून हलवू नये, कारण ती पुरावा आहे. मिस्त्रीने मान्य केलेला हा एकच मुद्दा. पुढे बॅटरी मरायला नको म्हणून त्याने शेडमधून वायर ओढून गाडीला जोडली, तर ती विनापरवानगी जोडली म्हणून बाईंनी सहावं पत्र लिहिलं. वायर काढा, असं मात्र त्यात नव्हतं.

पुतण्याचा फोन रविवारी येई. भाड्याची खोली कशी आहे, असं त्याने एकदा विचारलं. जागा शांत आहे, घरमालक तेवढा भांडखोर आहे, असं बाईंनी सांगितलं. बोलणं संपल्यावर त्यांनी मोबाईल पिशवीत ठेवला. पुढच्या रविवारपर्यंत तो वाजणार नव्हता.

अखेर मिस्त्रीच एकदा वैतागून म्हणाला, जा, करा वर तक्रार. बाईंनी ती केली. अशा प्रकरणांना तीन वर्षं सहज लागतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पत्र पेटीत टाकून त्या निश्चिंत मनाने परतल्या.

पाचव्या आठवड्यात तक्रार कार्यालयाचा तपासनीस दारात उभा राहिला.

माणूस नवा होता, कामाचा उत्साह होता. त्याने फाइल पहिल्या पानापासून वाचली आणि बाईंच्या मुद्द्यांचं तोंड भरून कौतुक केलं. इंजिन पाहिलं, किल्ली फिरवून पाहिली, फोटो काढले. मग तो मागच्या दाराच्या कडीला हात घालणार, तोच बाई आडव्या आल्या. आतल्या बाबतीत माझी काही तक्रार नाही, असं त्यांनी सांगितलं.

तपासनिसाने मान डोलावली आणि निकाल सांगितला. बाईंची बाजू शंभर टक्के खरी. फोटो झाले, आता पुराव्याचं कारण उरलं नाही. आज दुपारीच गाडी टोचन करून, ओढत दुसऱ्या गॅरेजात न्यायची. तिथे ती बंद शेडमध्ये राहील, सगळा भार मिस्त्रीवर.

बाईंचा चेहरा उतरला. गाडी हलवू नये असं त्या दोनदा म्हणाल्या, कारण मात्र त्यांना सांगता येईना. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं टिपलेल्या बाईला स्वतःचं एक वाक्य सुचत नव्हतं.

"चूक माझी आहे," मिस्त्री म्हणाला. "लिहून घ्या."

त्याने चौदाच्या चौदा पत्रांतले मुद्दे मान्य केले. बिघाड त्यानेच केला, तोच निस्तरेल, दुसऱ्या कुणी हात लावला तर वाढेल. गाडी इथेच राहील, वायर राहील, भाडं नाही. एक भाग कुठे मिळत नाही, तेव्हा मुदत घालू नका, एवढीच त्याची विनंती. तपासनिसाने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. मग बाईंची संमती विचारली. त्यांनी सही केली.

तपासनीस गेला. बाई ऑफिसातल्या खुर्चीत येऊन बसल्या आणि त्यांनी फाइल मांडीवर घेतली.

"पाच महिने एक शब्द मान्य केला नाहीत," त्या म्हणाल्या. "आज सगळंच कसं केलंत?"

मिस्त्रीने दोन कपांत चहा ओतला. एक त्यांच्यापुढे सरकवला.

"गाडी पहिल्याच आठवड्यात दुरुस्त झाली होती, बाई. इंजिनातली एक वायर मीच काढून ठेवलीय." तो आपल्या कपात पाहत राहिला. "आणि उद्यापासून पहाटे मागच्या फाटकाने बाहेर पडून, वळसा घालून पुढून येऊ नका. गाडीतून उतरलात की सरळ इकडे चहाला या."