भिंगरीची जीप

तळाचे दोन्ही रिव्हेट ड्रिलनं कापले गेले आणि खेळण्यातली जीप बाईंच्या हातात सुटी झाली. एका हातात पत्र्याचा तळ, दुसऱ्या हातात हिरवी बॉडी. मधून चिमूटभर वाळू टेबलावर सांडली. शाळेच्या मैदानातली असणार. बाई ती पुसायचं सोडून नुसत्या बघत बसल्या.

"गॅरेज आज बंद वाटतं?" नवऱ्यानं दारातून चेष्टा केली.

"शेवटची गाडी आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून तो काय ते समजला आणि आत निघून गेला.

निवृत्त होताना वर्गातलं कपाट रिकामं केलं, तेव्हा तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. त्यात चौदा खेळण्यातल्या गाड्या. तासाला खेळताना सापडल्या म्हणून तीस वर्षांत जप्त केलेल्या. वर्षअखेर परत देऊ, असं दरवेळी ठरवलेलं आणि दरवेळी राहून गेलेलं. रंगाचे पोपडे निघाले होते, चाकं गंजून जाम झाली होती. अशा कुठल्या तोंडानं परत करायच्या? मग बाई शिकल्या. जुना रंग सोडवायचा, टूथब्रशनं घासायचं, प्रायमर द्यायचा, वर रंगाचे पातळ हात मारायचे. एकेक गाडी नवी करून ज्याची त्याला नेऊन द्यायच्या. तेरा जणांना दिल्या. टक्कल पडलेली, पोट सुटलेली मुलं खो खो हसायची. "बाई, तुम्ही म्हणजे कमाल आहात!" म्हणत फोटो काढायची. दर हसण्यासरशी बाईंच्या मनावरचं थोडं ओझं उतरायचं.

चौदावी गाडी मात्र बाई डब्यात खाली खाली ढकलत आल्या होत्या.

ती भिंगरीची. तिसरीतला मुलगा, एका जागी म्हणून बसायचा नाही, त्यामुळे सगळी शाळा त्याला भिंगरीच म्हणायची. एका सोमवारी गणिताच्या तासाला त्यानं बाकावरून जीप चालवली. तोंडानं हॉर्नही वाजवला. वर्ग हसला आणि बाईंचा पारा चढला. त्यांनी जीप हिसकावून घेतली. "बाबांना घेऊन ये, मग मिळेल," असं सगळ्यांसमोर सुनावलं.

बाबा आलेच नाहीत. बाई रोज विचारायच्या, तो रोज मान खाली घालायचा. शेवटी त्यांनी त्याच्या प्रगतिपुस्तकात लाल शाईनं लिहून टाकलं, 'पालकांचे मुलाकडे लक्ष नाही.' महिन्याभरानं मुलाचं नाव पटावरून कमी झालं. आई त्याला घेऊन माहेरी गेली होती. का, ते शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना कुणीतरी सहज सांगितलं. जीप जप्त झाली त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, बाप घर सोडून गेला होता. जाताना मुलाच्या हातात ती जीप ठेवून.

बाईंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला होता. नसलेल्या बापाला घेऊन ये म्हणून आपण त्या पोराला रोज उभं केलं, हे त्यांनी नवऱ्याखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं.

जीप तशी आठवड्यात तयार झाली. पण द्यायला निघायचं म्हटलं की बाईंना कुठेतरी डाग दिसायचा. त्या पुन्हा रंग खरवडायच्या, पुन्हा लावायच्या. दिवे तर त्यांनी टूथपिकच्या टोकानं चारदा रंगवले. अखेर नवराच म्हणाला, "आता रंग पुरे. जाऊन ये."

भिंगरीचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. दुपारची वेळ होती. तो एका यंत्रात तेल सोडत होता. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते, पण एक पाय अजूनही सारखा हलत होता. बाईंना पाहताच तो उठला, हात पुसले आणि पाया पडायला वाकला. बाई मागे सरकल्या.

"नको रे. आधी हे बघ." त्यांनी रुमाल उलगडला.

त्यानं जीप तळहातावर घेतली. चाकं बोटानं फिरवली. हलणारा पाय थांबला.

"मला माफ कर," बाई म्हणाल्या. घरून घोकून आणलेलं सगळं विसरलं होतं. "तुझे बाबा घर सोडून गेलेत, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी दिलेली शेवटची वस्तू मी काढून घेतली. वर त्यांनाच घेऊन ये म्हणाले. रोज म्हणाले."

"बाई, बसा आधी." त्यानं स्टूल पुढे केलं. "मी आईला तुमचा निरोप सांगितला. आईनं तो बाबांच्या कामावर पोचवला. शाळेतून बोलावणं म्हटल्यावर ते त्याच संध्याकाळी आले. बाईंना भेटतो आणि लगेच जातो म्हणाले."

"आले होते?" बाईंना कळेना. "मग शाळेत का नाही आले? मी तर रोज वर्गात होते."

"होतात ना." भिंगरी जीपकडे बघत राहिला. "पण मी रोज घरी जाऊन सांगायचो, बाई आज आल्या नाहीत. नऊ दिवस सांगितलं, बाई. नऊ दिवस बाबा घरी राहिले."