परसातल्या फरशा

झुंबरबाईंनी पहारीचं टोक सांध्यात घातलं आणि अंगाचा सगळा भार टाकला. फरशी कुरकुरली आणि एका बाजूनं उचलली गेली.

"बास. आता खालचा चुना खरवड," शेजारच्या मालनबाई कुजबुजल्या. "आबासाहेब उठायच्या आत आटप."

दुपारची वेळ. झुंबरबाईंचे नवरे आबासाहेब आत बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. संगमनेरातल्या निम्म्या घरांच्या फरशा त्यांच्या हातच्या. परसातल्या बागेत मोगऱ्याभोवती ही फरशीही त्यांनीच घातलेली. पण मागच्या साली, ऐन दुष्काळात, उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात लुळाच राहिला. "हलता ठेवा, येईल," असं डॉक्टर म्हणाले होते. आबासाहेबांनी थापी माळ्यावर टाकली आणि बोलणंच सोडलं. जेवायचे तेही कुणी बघत नसताना, डाव्या हातानं.

संध्याकाळी झुंबरबाई फरशीवर मुद्दाम अडखळल्या.

"आई गं! पडलेच असते! अहो, फरशी हलतीया."

त्यांनी आत कान दिला आणि आवाज चढवला.

"ऱ्हाऊ द्या. उद्या कानिफनाथ गवंड्याला बोलावते."

बाज करकरली. "त्यो? माझ्या फरशीला त्यो हात लावनार?"

महिन्याभरातलं त्यांचं हे पहिलं सबंध वाक्य होतं. झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला.

सकाळी आबासाहेब परसात उकिडवे बसले. थापी डाव्या हातात, उजवा मांडीवर पडलेला. फरशी एका अंगाला कलायची, ते शिव्या घालायचे. शेवटी चिडून उजवा तळवा त्यांनी फरशीवर टेकवला आणि दाबला. दिवस कलताना फरशी बसली.

चार दिवसांनी दुसरी हलायला लागली. मग मोगऱ्याजवळच्या दोन.

"खालची माती बसली असंल," आबासाहेब म्हणायचे आणि चुना भिजवायला सांगायचे. झुंबरबाई घमेल्यानं वाळू आणून द्यायच्या, समोर बसायच्या. ते पाणसळीनं फरशीची पातळी बघत गप्पा मारायचे. कुठल्या वाड्यात कोण कसं होतं, कुणी कसा चहा पाजला. झुंबरबाई हसून हसून बेजार व्हायच्या.

"सारा जलम लोकाच्या दारात गेला बघ," एकदा ते म्हणाले. "तुझ्यासंगं असं बसनं झालंच न्हाई."

झुंबरबाई लाजल्या. पन्नाशी उलटल्यावरही त्यांना लाजता आलं.

दसऱ्याला उजव्या हाताच्या बोटांनी थापी धरली. दिवाळीला त्याच हातानं त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. झुंबरबाई चुलीकडं वळून रडल्या आणि मग शेवटचा लाडू त्यांच्याच ताटात वाढला.

कानिफनाथ बोलवायला आला. "आबा, नव्या शाळेची फरशी घालायचीय. तुमच्याबिगर पाणसळ कोन धरनार?"

"यीन की. एवढं परसातलं सरू दे. लई फरशा हलत्यात बाबा."

भाऊबीजेच्या सकाळी झुंबरबाई आणि मालनबाई नळावरून हंडे घेऊन परतत होत्या.

"झुंबरबाई, आता पुरं कर गं," मालनबाई म्हणाल्या. "हात बरा झाला. किती फरशा उचकटशील? कंबर मोडंल."

झुंबरबाई थांबल्या. "मी? मी पहिली तेवढी काढली. तुझ्यासमोर. बाकीच्या तूच काढतीस ना, मी बाजारला गेल्यावर?"

"देवाशप्पथ, न्हाई!"

दोघी झपाझप घराकडं निघाल्या. मग हंडे दारातच ठेवून, पावलं न वाजवता, घराला वळसा घालून परसाच्या कुडाशी आल्या आणि फटीतून डोकावल्या.

आबासाहेब दोन्ही हातांनी पहार धरून, गाणं गुणगुणत, काल बसवलेली फरशी उचकटत होते.