नवव्या मजल्यापासून

शिकागोतल्या त्या उंच पोलादी सांगाड्याखाली टियर्नी मिस्त्रीनं थापी आपटली. चाळीस वर्षं विटा रचल्या, पण असलं फर्मान कधी ऐकलं नव्हतं.

“खालच्या मजल्यांचा दगड अजून आला नाही,” आर्किटेक्ट हेडबर्ग म्हणाला. “तुम्ही नवव्या मजल्यापासून भिंत सुरू करा.”

“मग छपरापासूनच करू की!”

“तेही चालेल.” हेडबर्ग हसला नाही. “प्रत्येक मजल्यावरच्या भिंतीचा भार पोलाद घेणार आहे, मिस्त्री.”

“आणि कोसळली तर? तुम्ही बसाल खाली?”

“बसेन की.”

मिस्त्री तणतणत वर गेला. दुपारी जेवायला उतरला आणि रस्त्यावरून त्यानं मान वर केली. आठ मजले उघडेवाघडे, त्यांतून शहरालगतच्या सरोवरावरचा वारा आरपार वाहत होता. आणि त्यांच्यावर त्याची स्वतःची भिंत, ओळंब्यात, केसभरही न हललेली. तिच्या बरोब्बर खाली फळीवर हेडबर्ग पाव खात बसला होता. सकाळपासून तिथंच होता म्हणे.

मिस्त्रीनं टोपी काढली.

“साहेब, जन्मभर भिंतींच्या खांद्यावर घरं बघितली. आज घराच्या कडेवर भिंत बघतोय.”

मग त्यानं डबा उघडला.

“सरका जरा.”