चादरीचं दुसरं टोक

"पेशंटला उचलताना कंबर दुखते का? कधीच नाही, कधीकधी, नेहमी?"

द्वारकाबाईंनी कपाळावर हात मारला. घरोघरी आजारी माणसं सांभाळणाऱ्या बायांवर संशोधन करणारी ही महिन्यातली चौथी मुलगी, आणि प्रश्न तेच! यांच्या कागदांवर गावजेवण शिजलं असतं. इकडे पलंगावरून नव्वद किलोचे निवृत्त फौजदार गरजले, "दोन तास झाले! कूस बदला, नाहीतर पाठीला जखम होईल!"

"मावशी, तुम्हाला सक्षम करायला नेमकं काय हवं?" मुलीने विचारलं.

"यांच्या अंगाखालच्या चादरीचं दुसरं टोक धरणारा माणूस. लिहा."

"असा पर्याय नाहीये."

"मग कागद ठेवा आणि धरा!"

मुलीने धरलं. एक, दोन, तीन! फौजदार कुशीवर वळले, गलबत किनाऱ्याला लागावं तसे. मुलगी मात्र कंबर धरून खालीच बसली.

"भरतीत नापास!" फौजदार भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

द्वारकाबाईंनी शेकायची पिशवी तिच्या कमरेला लावली आणि तिचाच कागद पुढ्यात ओढला. "हं, बोला. कधीच नाही, कधीकधी, की नेहमी?"

मुलगी कण्हली, "ते राहू द्या, मावशी. वर मोठ्या अक्षरांत लिहा, दुसरा माणूस हवा."