आत माणूस आहे

कटर घेतलेला माणूस तयार उभा होता, पण म्हातारे फिटरकाका पॅनेलसमोरून हलेनात.

"काका, बाहेर काँक्रीटची गाडी उभी आहे," सुपरवायझर म्हणाला. "माल गाडीतच सुकला तर कंपनी मलाच त्यात पुरेल."

"पुरू दे," फिटरकाका म्हणाले. "दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. ज्याने लावलं, त्यानेच काढायचं. आमच्या वीजघरात नव्या माणसाला आधी हे शिकवायचे. चहा कुठे मिळतो ते नंतर."

वीजघराच्या जुन्या पंपहाउसमध्ये आता हे एकच पॅनेल उरलं होतं. भिंती घासूनपुसून रंगवल्या होत्या. खाडीच्या बाजूला भल्यामोठ्या काचा बसल्या होत्या. इथे हॉटेल होणार होतं. पॅनेलच्या एका खटक्यावर गंजलेलं कुलूप होतं आणि त्याला तारेने बांधलेला पत्र्याचा बिल्ला: 'आत माणूस आहे'. पुढ्यात जमिनीला चौकोनी भोक, आणि खाली खाडीचं पाणी आणणारा बोगदा. तो आज भरून टाकायचा होता.

म्हाताऱ्या आईचा हात धरून मुलगा आत आला. सुपरवायझरने सुटकेचा निःश्वास टाकला.

"आजी, बरं झालं आलात. ज्याचं कुलूप त्याच्या घरच्यांनी सांगितल्याशिवाय काका बाजूला व्हायला तयार नाहीत."

आई कुलपाकडे पाहत राहिली.

मुलाला ते कापून हवं होतं. सुपरवायझरपेक्षाही जास्त. वीजघराची वसाहत पाडायला घेतली होती. शेजारची खोलीही गेली होती. आईने मात्र एक भांडं बांधलं नव्हतं. 'ते कुलूप निघालं की येते तुझ्याकडे,' एवढंच ती म्हणायची. त्याच्या बायकोने तिच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती. खाडीच्या ओलीने आईचा खोकला हटत नव्हता. तरी इथे उभं राहिल्यावर आपण घाई करतोय, याची त्याला लाज वाटली.

"आजींच्या यजमानांनी कुलूप लावलं, तेव्हा तुम्ही इथे होता?" सुपरवायझरने काकांना विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

"इथेच. तो बोगद्याची जाळी साफ करायला उतरला. कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. पंप सुरू होणं शक्यच नव्हतं. पण बोगद्याचं खाडीकडचं दार फुटलं, पाणी आत घुसलं." काकांनी चष्मा काढून पुसला. "विजेला कुलूप घालता येतं. पाण्याला कुठून घालायचं? पुढे बोगदा उपसला, चाळून काढला. काही मिळालं नाही. हा पंप मग कुणी चालवलाच नाही. साहेबांनी निमूटपणे शेजारी नवा बसवला."

चष्मा डोळ्यांवर चढवत काका म्हणाले, "विसराळू होता पण. एकदा कुलूप तसंच ठेवून सासुरवाडीला गेला. सगळं काम अडलं. आम्ही जीप पाठवून भरल्या ताटावरून उचलून आणला. अंगात नवा शर्ट, पायात सासऱ्याच्या चपला. कुलूप काढलं, आम्हाला शेलक्या शिव्या घातल्या आणि त्याच जीपने परत गेला."

"चपला माझ्या भावाच्या होत्या," आई म्हणाली.

ती पहिल्यांदाच बोलली होती. बाहेर गाडीने हॉर्न दिला. सुपरवायझरने कटरवाल्याला डोळ्यांनी थांब म्हटलं.

"आजी, मग कापू ना?"

"हाक मारलीत?"

"कुणाला?"

"आत माणूस असला तर खटका वर करायच्या आधी हाक मारतात."

"आपण वीज जोडत नाही, आजी. भोक बुजवतोय."

"मग तर मारायलाच हवी."

सुपरवायझरने काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. "मी त्या वेळी घसा फुटेपर्यंत मारल्या. माझं कुठे ऐकलं? घरच्या माणसाला हाक मारू द्या."

आईने मुलाकडे पाहिलं.

तो भोकापाशी गुडघ्यावर बसला. खालून थंड, कुबट हवा तोंडावर आली. अंधारात लोखंडी शिडीच्या वरच्या काही पायऱ्या तेवढ्या दिसत होत्या. काय हाक मारायची? शाळेत, नोकरीत, लग्नात, जो विचारेल त्याला तो 'माझे वडील' म्हणत आला होता. ते उतरले तेव्हा तो आईच्या पोटात होता. समोर कुणी उभं आहे आणि आपण त्याला हाक मारतोय, असं कधी झालंच नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला.

"मोठ्याने," आई मागून म्हणाली. "तिथवर पोचत नाही."

त्याने ओठ ओले केले. "बाबा! बाबा, वर या!"

आवाज खाली गेला आणि खाडीच्या दिशेने लांब लांब होत गेला. परत काही आलं नाही. फिटरकाका भिंतीकडे तोंड करून उभे होते. कटरवाल्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरलं होतं.

मुलगा उठला. गुडघ्यांवरची धूळ त्याने झटकली नाही. सुपरवायझर पुढे झाला आणि अगदी हळू म्हणाला, "आजी, आता?"

भोकावरची नजर न काढता आईने हात वर केला.

"थांबा," ती म्हणाली. "शिडी उभी आहे. चढायला वेळ लागतो."