तिसावी दाढ

एकोणतीस दात होते. तिसावा काही केल्या मिळत नव्हता.

तिने बरणी खिडकीपाशी नेऊन पुन्हा मोजली. मोजल्याने दात वाढत नाहीत, हे प्रयोगशाळेत दहा वर्षं काढलेल्या बाईला कळायला हवं. पण सरांनी सकाळीच स्पष्ट सांगितलं होतं, "तीस म्हणजे तीस. एक जरी कमी असला तरी समिती अर्ज उघडून बघणार नाही." आणि समितीची या वेळची बैठक हुकली, तर पुढची थेट वर्षाने होती.

वर्षभर थांबायची तिची तयारी होती. आईच्या दाढेची नव्हती.

आईची उजवीकडची शेवटची दाढ आतून पोखरली होती. दाताचे डॉक्टर म्हणत होते, काढून टाकू. ही डॉक्टरांना आणि आईला, दोघांनाही अडवून बसली होती. द्राक्षाच्या बियांच्या अर्काने किडून मऊ पडलेला दात पुन्हा घट्ट होऊ शकतो, एवढ्या एका गोष्टीमागे तिने तीन वर्षं घालवली होती. रसाच्या कारखान्यातून चोथा आणायचा, त्यातल्या बिया वेचायच्या, वाळवायच्या, दळायच्या. हाताची बोटं कायमची तपकिरी झाली होती. समितीने परवानगी दिली, की अर्क खऱ्या माणसांच्या तोंडात लावता येणार होता, आणि त्या यादीत पहिलं नाव आईचं होतं.

"तोवर दाढेला कोणाला हात लावू द्यायचा नाही," तिने फोनवर आईला बजावलं.

"तुझा तिसावा मिळाला का?" आईने विचारलं.

"कुठला मिळतोय? हल्ली जो तो डॉक्टर दात वाचवत बसतो. मी पण त्याच्याच मागे आहे, आता बोलू कोणाला?"

आई हसली. "मिळेल गं. जेवलीस का?"

चौथ्या दिवशी आईच्याच डॉक्टरांच्या दवाखान्यातून एक छोटी बाटली आली. आत मिठाच्या पाण्यात एक दाढ होती. या कामाची एक रीत ठरलेली होती. संमतीचा कागद डॉक्टरांच्या कपाटात राहायचा, बाटलीवर फक्त तारीख असायची. दात कोणाचा, हे हिने विचारायचं नाही आणि त्यांनी सांगायचं नाही. बरणीत पडला की दाताचं नाव जायचं आणि आकडा यायचा.

तिने डॉक्टरांना फोन करून तोंडभर आभार मानले.

"माझे कसले मानतेस," ते गुरगुरले आणि फोन ठेवून दिला. माणूस तसा पहिल्यापासूनच तुसडा होता.

तिसाव्या दाढेवर तिने काळ्या शाईने आकडा घातला, करवतीच्या चकतीखाली धरली आणि मधोमध कापली. प्रत्येक दाताचं असंच व्हायचं. अर्धा भाग अर्कात, अर्धा साध्या पाण्यात.

"तिसाव्याचा मालक म्हणजे साखरेचा डबा दिसतोय," त्या संध्याकाळी तिने आईला सांगितलं. "काय पोखरून ठेवलीय दाढ! घासायचा आळस, दुसरं काय."

"असते एखादीला गोडाची आवड," आई म्हणाली. "लगेच नावं कशाला ठेवायची?"

"बरं, तुझी कशी आहे?"

"काही त्रास नाही बघ आता."

"दुखत नाही?"

"अजिबात नाही. चुळा भरते, डावीकडून जेवते."

चुळा लागू पडल्या म्हणून तिचा जीव भांड्यात पडला. रविवारी येऊन बघून जाते म्हणाली, तर आईने "आधी हातातलं काम उरक" म्हणून तिला वाटेला लावलं. पुढचे सहाही रविवार असेच गेले.

तपासणीचा दिवस आला. हिऱ्याचं टोक ठरलेल्या दाबाने दातावर टेकवायचं आणि उमटलेला खड्डा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. खड्डा जितका लहान, तितका दात घट्ट. सातव्याने काही दाद दिली नाही. बाविसावा टोक टेकवताच फुटला. बाकीच्यांचे अर्कातले भाग मात्र पाण्यातल्या भागांपेक्षा सरस निघत गेले आणि तिला हळूहळू धीर आला.

तिसाव्याचा खड्डा तिला दिसेचना. टोक टेकलंच नाही असं वाटून तिने पुन्हा टेकवलं. मग सरांना हाक मारली. सर बराच वेळ डोळा लावून बसले आणि उठताना म्हणाले, "सगळ्यांत हीच पहिली."

ती तिथेच रडली. तीन वर्षांचं रडणं साठलं होतं. एखाद्या अनोळखी माणसाच्या दाढेवर इतकी माया जडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

समितीची परवानगी महिन्याभरात आली. पत्र पिशवीत टाकून ती त्याच दुपारी आईकडे पोचली. आई ओट्यापाशी वाटाणे सोलत होती.

"आई, परवानगी मिळाली. तिसावीने कमाल केली. सगळ्यांत पहिली आली! आता तुझी पाळी. उजेडात बस आणि तोंड उघड."

आईने सावकाश हात धुतले, पुसले आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली. मग शहाण्या मुलीसारखा मोठा आ केला.

तिने छोटा आरसा आत धरला. उजवीकडे, शेवटच्या दाढेच्या जागी, नुसती गुलाबी हिरडी होती. जखम केव्हाच भरून आलेली.

तिने आरसा बाहेर काढला. आईने तोंड मिटलं.

"पहिली म्हणजे अगदी पहिलीच ना गं?" आईने विचारलं. "शाळेत कधी जमलं नाही मला. आता डावीकडचीही किडायला लागलीय. ती मात्र तोंडात ठेवूनच बरी कर."